पांबनचं दार

आजीच्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात पितळेची एक डबी असायची, कुंकवाच्या करंड्याएवढी. तिच्यात वाळू होती. लहानपणी मी ती उघडायला घेतली की आजी हातातलं काम टाकून उठायची. "सांडशील बायो. आता परत कुठून आणू?" कोकणात वाळूला काय तोटा, असं मला तेव्हा वाटायचं. पण ती वाळू धनुष्कोडीची होती. १९५६ साली आजीने स्वतःच्या ओंजळीने भरून घेतलेली. पुढे आठच वर्षांत ते गाव समुद्राने नेलं.

धनुष्कोडीला जाणारी गाडी ज्या पुलावरून जायची तो पूल आणि त्या पुलाचा मधोमध उघडणारा भाग, यांच्या गोष्टी आमच्या घरात तीन पिढ्या चालत आल्या आहेत. आजी त्याला कधी पूल म्हणालीच नाही. ती म्हणायची, 'पांबनचं दार'.

सुरुवात तिच्या सासूबाईंपासून, म्हणजे माझ्या पणजीपासून करायला हवी. पणजी रामेश्वरला जाऊन आली तेव्हा पूल नव्हता. रेल्वे मंडपमला संपायची. पुढे समुद्र, आणि पलीकडे रामेश्वर बेटाचं टोक नुसत्या डोळ्यांना दिसायचं. मधलं पाणी जेमतेम दोन किलोमीटर. आमचं आजोळ चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खाडीकाठी, त्यामुळे तरीत बसणं हे पणजीला रोजचं. तरीही मंडपमच्या पडावात तिचा जीव मुठीत होता. भीती बुडण्याची नव्हती, मांडीवरच्या गडूची होती. काशीहून आलेलं गंगेचं पाणी, लाखेने तोंड बंद केलेलं, रामेश्वरावर घालायचं. पाणी खडकांमधून वेडंवाकडं वाहत होतं आणि पडाव हिसके देत होता. तमिळमध्ये पांबू म्हणजे साप. त्या वळवळत्या प्रवाहावरूनच पांबन हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात.

पणजीने त्या प्रवासात पाण्याचा आणखी एक तांब्या जवळ ठेवला होता, साध्या पाण्याचा. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट तिला पाठ होती. असं तहानेलं कुणी आपल्याला भेटलं तर नाही म्हणायचं नाही आणि गंगाही राखायची, म्हणून तो दुसरा तांब्या. तो वाटेत तीनदा रिकामा झाला आणि तीनदा भरला, असं आजी सांगायची. पांबनला उतरल्यावर पुढे बैलगाडी.

पुढे पूल झाला, पण तो यात्रेकरूंसाठी म्हणून झाला नाही. डोळा सिलोनवर होता. तिथल्या चहाच्या मळ्यांना तमिळ मजूर हवे होते, टपाल आणि माल जायला हवा होता. मद्रासहून लोक तुतिकोरिनला जायचे आणि तिथून आगबोटीने थेट कोलंबोला; तो समुद्राचा लांबचा पल्ला. रामेश्वर बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडीपर्यंत रेल्वे नेली, तर तिथून सिलोनचं तलैमन्नार समुद्रातून फक्त पस्तीसेक किलोमीटर. अडचण एकच, मंडपम आणि पांबन यांच्यामधलं हे पाणी. साउथ इंडियन रेल्वेने १९११ मध्ये काम सुरू केलं आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. लांबी ६,७७६ फूट, म्हणजे दोन किलोमीटरच्या वर. चाळीस-चाळीस फुटांचे १४५ गाळे. गाडीला धनुष्कोडीच्या धक्क्यावर आगबोट जोडलेली, म्हणून तिचं नाव पडलं बोट मेल. मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर एकच तिकीट काढायचं आणि कोलंबोला उतरायचं.

पण ही खाडी नुसती ओलांडून भागणार नव्हतं. उत्तरेकडची पाल्कची सामुद्रधुनी आणि दक्षिणेकडचं मन्नारचं आखात यांच्यामध्ये लहान जहाजांना जायला हीच वाट. ती बंद केली तर मचव्यांनी आणि गलबतांनी सगळ्या सिलोनला वळसा घालायचा. म्हणून पुलाच्या मध्ये एक गाळा उघडता ठेवायचं ठरलं. शिकागोच्या विल्यम शेर्झर या अभियंत्याने अशा पुलाची जी पद्धत काढली होती, ती इथे वापरली. शेर्झर स्वतः १८९३ मध्येच वारला होता. पांबनचं पाणी त्याने कधी पाहिलं नाही.

ही पद्धत मला आजीने समजावली, आणि तिच्याहून चांगली पुढे कुणी समजावली नाही. आमच्या विहिरीवर लाट होती. आडव्या लांब वाशाच्या एका टोकाला पोहरा, दुसऱ्या टोकाला बांधलेला भलामोठा दगड. दगडाचं वजन पोहऱ्याच्या वजनाला तोलून धरतं, म्हणून दहा वर्षांची पोरसुद्धा भरलेला पोहरा वर काढते. पांबनला अशा दोन लोखंडी लाटा समोरासमोर ठेवलेल्या, टोकाला टोक भिडवून. प्रत्येकीचं वजन चारशे टनांच्या वर. मागच्या बाजूला टाचेशी भार भरलेला, आणि टाच गोल, दातेरी. दांडे फिरवले की ती गोल टाच मागे लोळत जाते आणि पुढचं टोक आकाशाकडे उठतं. वीज नाही, वाफ नाही. सगळं माणसांच्या हातांनी.

आजी १९५६ साली गेली ती आजोबांबरोबर, आईला घरी सासूकडे ठेवलं होतं. दाभोळहून आगबोटीने मुंबई, मुंबईहून मद्रास मेल, पुढे बोट मेल. डब्यात अर्धे लोक सिलोनला जाणारे. त्यांच्या गाठोड्यांत काय नव्हतं! मंडपम सुटलं आणि गाडी इतकी हळू झाली की आजीला वाटलं, थांबलीच. तिने खिडकीतून खाली पाहिलं. कठडा नाही, फळ्या नाहीत, रूळसुद्धा दिसत नाही, खिडकीखाली थेट हिरवं पाणी. तिने डोळे मिटून घेतले. मध्यावर आल्यावर चाकांचा आवाज बदलला, भरीव होता तो पोकळ झाला, तेव्हा तिने डोळे उघडले.

समोर एक म्हातारे तमिळ गृहस्थ बसले होते. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. त्यांनी आजीचा घाबरलेला चेहरा पाहिला आणि दोन्ही हात पुढे धरले, तळवे खाली, बोटांची टोकं टोकांना लावून. मग मनगटं जागेवर ठेवून बोटं हळूहळू वर नेली, दोन्ही हात उभे होईपर्यंत. खाली बोट दाखवलं. पुन्हा हात खाली, बोटांना बोटं. हसले. आजीला सगळं कळलं: आपण आत्ता एका दारावरून चाललो आहोत. ही खूण आमच्या घरात तेव्हापासून आली. रामेश्वरचं नाव निघालं की आजीचे हात आधी तशी खूण करायचे आणि मग गोष्ट सुरू व्हायची.

धनुष्कोडीचं तिचं वर्णन मात्र अगदी थोडं. स्टेशन, टपाल कचेरी, कस्टमची कचेरी, चर्च, कोळ्यांची वस्ती, दोन्हीकडे समुद्र. यात्रेकरूंनी सेतूची वाळू घ्यायची ती तिथे. हीच वाळू पुढे प्रयागला त्रिवेणीत सोडतात. आजी वाळू घेत होती तेव्हा जवळच्या झोपडीतल्या बाईने तिला प्यायला पाणी आणून दिलं. चहूकडे खारं पाणी आणि हे गोड पाणी कुठून आलं, म्हणून आजीने विचारलं. बाईने वाळूत हातभर खणलेला झरा दाखवला. प्रयागला जाणं आजीला पुढे जमलं नाही, आणि वाळू डबीत राहिली.

डिसेंबर १९६४ मध्ये बातमी आली तेव्हा आजीने ती पेपर पुढे ओढून दोनदा वाचली, असं आई सांगते. आई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. वाचून झाल्यावर आजी देव्हाऱ्याशी गेली, डबी काढली आणि बराच वेळ हातात धरून बसली. तिला कुणाची काळजी वाटत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या बाईचं नाव आजीला कधी माहीतच नव्हतं.

त्या रात्रीची हकिगत मी ऐकली १९९६ मध्ये, रामेश्वरलाच. आजीला पुन्हा एकदा जायचं होतं, बरोबर आई आणि मी. आम्ही उतरलो ते आजी-आजोबा पूर्वी उतरले होते त्याच उपाध्यांच्या घरी. रामेश्वरच्या देवळातली पुजाऱ्यांची घराणी मूळची महाराष्ट्रातली, शृंगेरी मठाकडून दीक्षा घेतलेली. उपाध्येबुवा ऐंशीच्या घरात होते. त्यांची मराठी ऐकताना पणजीच्या काळातल्या पोथीतून कुणी बोलतं आहे असं वाटायचं, आणि मध्येच वाक्य तमिळ वळणाने संपायचं. आजीशी ते अगदी सहज बोलत होते. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं.

२२ डिसेंबरला संध्याकाळपासूनच वारा वेगळा होता. रात्री घरांचे झावळ्यांचे आडोसे उडायला लागले, तेव्हा लोक देवळात आले. शेकडो माणसं त्या लांबलचक प्रदक्षिणामार्गात भिंतींना पाठ लावून बसली होती. समुद्र देवळाच्या अगदी जवळ येऊन थांबला. पांबनहून धनुष्कोडीला जाणारी ६५३ नंबरची पॅसेंजर रात्री बारा वाजायच्या सुमारास सुटली होती. सहा डबे. धनुष्कोडीच्या अलीकडे सिग्नल मिळेना. ड्रायव्हरने शिट्टी दिली, वाट पाहिली आणि अंधारात गाडी पुढे काढली. लाटेने अख्खी गाडी ओढून नेली. रेल्वेच्या हिशेबात ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी. तिकीट न काढलेले किती, ते धरले तर आकडा दोनशेच्या आसपास जातो असं म्हणतात. उपाध्येबुवा बोलता बोलता थांबले. आजीने त्यांना त्या झऱ्यापाशी राहणाऱ्या बाईबद्दल विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केलं. रेल्वे तिथपर्यंत पुन्हा कधी गेली नाही, आणि सिलोनची आगबोट धनुष्कोडीहून पुन्हा सुटली नाही.

पुलाची गोष्ट त्याच रात्रीची. १४५ गर्डरांपैकी १२६ वाहून गेले. पाण्यात दगडी खांबांची रांग उभी आणि वर काही नाही, असं दृश्य सकाळी लोकांना दिसलं. पण मधली दोन लोखंडी पानं जागेवर होती. "सगळी भिंत पडली आणि दार राहिलं," उपाध्येबुवा म्हणाले. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. मी काय म्हणत होते?"

दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले होते. वरिष्ठांनी ते तीन महिन्यांवर आणले. काम बत्तीस वर्षांच्या एका अभियंत्याकडे आलं, त्यांचं नाव ई. श्रीधरन. नवे गर्डर लांबून आणायचे तर मुदत तिथेच संपली असती. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी कुठे पडले आहेत ते कोळ्यांनी दाखवलं, आणि तेच वर काढून, डागडुजी करून पुन्हा खांबांवर चढवले. ४६ दिवसांत पूल उभा राहिला. श्रीधरनांचं नाव कानावर पडताच आजी सावरून बसली. आमच्याकडे त्या वर्षी कोकण रेल्वेचं काम जोरात होतं, चिपळूणच्या आसपास डोंगर फोडणं चाललेलं, आणि श्रीधरन हे नाव घराघरात झालेलं. "तोच?" तिने विचारलं. तोच म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आमची गाडी येणार." १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. आजी त्यानंतर सहा वर्षं जगली, आणि आगबोटीची दाभोळ-मुंबई वारी जिने केली तिने चिपळूणला गाडीत बसून मुंबई गाठली. गाडी वाशिष्ठीच्या पुलावर आली की ती हात जोडायची. कुणाला, ते तिने सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

१९९६ च्या त्या मुक्कामात, ओसरीवरच्या गप्पांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपाध्यांचा मुलगा घाईने आला: आज पूल उघडणार आहे. १९८८ च्या २ ऑक्टोबरला रस्त्याचा पूल सुरू झाला होता, तो रेल्वेच्या पुलाच्या शेजारी आणि बराच उंच. तिथल्या कठड्याशी आम्ही उभ्या राहिलो. उत्तरेच्या बाजूला मासेमारीच्या बोटी नांगर टाकून थांबल्या होत्या, बरोबर एक तटरक्षक दलाची नौका. रुळांवर निळ्या कपड्यांतली माणसं आली. आधी दोन पानांच्या सांध्यावर काही वेळ खटपट केली, रुळांचे जोड सोडले. मग दोन्ही टोकांना माणसं लांब दांड्यांना लागली आणि घाण्याला बैल फिरतो तशी गोल फिरू लागली. बराच वेळ काहीच घडत नव्हतं. आई म्हणाली, अडकलं बहुतेक. आजी बोलली नाही. आणि मग सांध्यात आभाळाची एक बारीक रेघ दिसली.

ती रेघ रुंदावत गेली. रूळ, स्लीपर, सगळ्यांसकट ती दोन पानं उठत होती. वर आवाज पोहोचत होता तो दातेऱ्यांचा, एकेक दात बसल्याचा. माणसं चालतच होती, एकमेकांकडे न बघता, एकाच लयीत. पाऊण तास गेला असेल. दोन्ही पानं तिरकी उभी राहिली तेव्हा एक भोंगा झाला, बोटींचे नांगर उठले आणि एकामागून एक त्या दारातून गेल्या. शेवटच्या बोटीवर एक मुलगा वर आमच्याकडे बघून हात हलवत होता. आजीनेही हात हलवला.

दुपारी पांबन स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यातले दोघे भेटले. उपाध्यांच्या मुलाने आमचं बोलणं इकडून तिकडे केलं. मी विचारलं, किती जड जातं? त्यातला वयस्कर म्हणाला, सुरुवात जड, पुढे पान आपणहून साथ देतं. पण वारा समोरून असला की प्रत्येक पाऊल मागून घ्यावं लागतं. त्याने तळवा पुढे केला. बोटांच्या मुळांशी घट्ट्यांची रांग होती, पिवळट, चकचकीत, नांगरधऱ्याच्या हातावर असते तशी. आजीने तो हात धरून पाहिला आणि आमच्या बाळूच्या हातासारखा आहे म्हणाली. बाळू म्हणजे आमच्या विहिरीवर लाट ओढायचा तो. पुलाला शेर्झरचं नाव लागलं ते योग्यच आहे. पण शंभरावर वर्षं ते दार ज्यांच्या तळव्यांनी उघडलं, त्यांच्यासाठी पुलाच्या कडेला एक पाटी लागायला हवी होती, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

पुलाला सांभाळणं हे एक वेगळंच व्रत होतं. लोखंड जिथे सर्वांत लवकर गंजतं अशा जागांमध्ये फ्लोरिडानंतर पांबनचं नाव घेतात. रंग दिला की दुसऱ्या टोकापासून पुन्हा सुरुवात. चौसष्टनंतर पुलावर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र बसलं. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाडीला लाल सिग्नल. गाडीचा वेग कायम मुंगीचा. २००७ मध्ये मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, त्या कामात राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जातीने लक्ष घातलं. 'अग्निपंख' ज्यांनी वाचलं आहे त्यांना आठवेल, त्यांचे वडील याच बेटावर यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेण्यासाठी लाकडी होडी बांधत, आणि ती होडी वादळात गेली. २०१८ च्या डिसेंबरात उघडत्या भागाला चीर सापडली, काही महिने गाड्या थांबल्या. शेवटी २३ डिसेंबर २०२२ ला जुन्या पुलावरची वाहतूक कायमची बंद झाली. तारीख वाचून आईने मला फोन केला होता. वादळाच्या रात्रीला त्या दिवशी ५८ वर्षं झाली होती.

नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीला, सुरू झाला. आम्ही त्याच उन्हाळ्यात गेलो, आई आणि मी. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे. आजीची डबी बरोबर घेतली होती. तिच्यातली वाळू कुठे सोडायची यावर आमचं घरी बरंच बोलणं झालं होतं. प्रयागची म्हणून जपलेली वाळू, पण तिचं गाव इथलं. आईने ठरवलं, अर्धी इथे, अर्धी त्रिवेणीत.

डबा वातानुकूलित, खिडकीची काच बंद. मंडपम मागे पडलं आणि पाणी दिसतं आहे म्हणेपर्यंत गाडी पलीकडे होती. आवाज बदललेला मला कळला नाही. आईने कान लावला होता, तिलाही नाही. जुना पूल शेजारीच उभा होता, रुळांवर कुणी नाही, गंजाचे ओघळ खांबांपर्यंत आलेले.

संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या पुलावर गेलो. एका चहावाल्याने नव्या पुलाचं सांगितलं: मधला ७२.५ मीटरचा गाळा अख्खा उचलला जातो, दोन बुरुजांच्या मधून सरळ वर, १७ मीटर. यंत्राने, पाच मिनिटांत. दांडे नाहीत, फिरणारी माणसं नाहीत. बोटींना खोळंबा नाही, वादळात पूल लवकर बंद करता येतो, माणसांच्या जिवाला धोका कमी. हे सगळं ऐकून मला बरंच वाटलं.

आई कठड्याला टेकून उभी होती. तिने दोन्ही हात पुढे धरले, तळवे खाली, बोटांची टोकं टोकांना लावून, आजी करायची तसे. बोटं वर नेली. थांबली. मग हात पुन्हा खाली आणले, आणि या वेळी बोटं न उघडता दोन्ही तळवे तसेच आडवे, सपाट, हळूहळू खांद्यांपर्यंत वर उचलले. तिथे धरले. खाली बोटी नांगर टाकून थांबल्या होत्या.